‘सोडा’ आणि ‘सोड’: डार्क रोमान्स सोपा म्हणणाऱ्यांना

वाचक-लेखकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर गेले कित्येक महिने फिरतो आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. डार्क रोमान्स हा लिहायला सगळ्यात सोपा प्रकार: एक पैसेवाला क्रूर पुरुष घ्या, एक गरीब मुलगी घ्या, तिला उचलून न्या, चाळीस भाग छळा आणि एक्केचाळिसाव्यात लग्न लावा. असं लिहिणारे अत्याचाराची भलामण करतात. बायकांना आतून हेच आवडतं, म्हणून ते चालतं. वर ‘फक्त प्रौढांसाठी’ असं टाकलं की लेखक मोकळा. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: हे परदेशी खूळ आहे, मराठीला शोभत नाही.

मी हा प्रकार लिहिते. दोन दीर्घकथा पूर्ण केल्या, एक अर्ध्यात टाकली. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं धरून चालते. या पाचांतला एक मुद्दा मला अर्धा मान्यही आहे.

‘सगळ्यात सोपा प्रकार.’ साचा आहे, हे खरंच. रहस्यकथेलाही असतो. पण साचा फक्त काय घडणार तेवढं सांगतो, वाचकाने ते का मानावं हे नाही. प्रेमकथेत वाचकाशी एक बोली ठरलेली असते: शेवटी दोघं एकत्र येणार, आणि ते येणं मनाला पटणार. डार्क रोमान्समध्ये हीच बोली गळ्याशी येते. नायकाने पाचव्या भागात जे केलं ते त्याच्या नावावर उधारीसारखं चढत जातं आणि पस्तिसाव्या भागात लेखकाला ते फेडावं लागतं. हिऱ्यांचा हार, नायिकेचं आजारपण, ‘माझा बाप मला पट्ट्याने मारायचा’ असली एक कबुली, एवढ्यावर ते फिटत नाही. बहुतेक कथा इथेच ढेपाळतात. छळ जमतो, परतफेड जमत नाही.

ही अडचण जुनी आहे. सॅम्युअल रिचर्डसन या इंग्रज लेखकाने १७४० मध्ये ‘पामेला’ ही कादंबरी छापली. मालक मोलकरणीच्या मागे लागतो, तिला लांबच्या घरात कोंडून ठेवतो आणि शेवटी तिच्याशी लग्न करतो. पुस्तक तुफान खपलं आणि वर्षभरात त्याची टर उडवणारी पुस्तकंही निघाली, कारण हा शेवट सगळ्यांनाच पटला नव्हता. मग १७४७-४८ मध्ये रिचर्डसनचीच ‘क्लॅरिसा’ आली. इथे लव्हलेस नावाचा रंगेल पुरुष नायिकेला गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो, आणि नंतर तो लग्नाला तयार असतानाही ती ठाम नकार देते. कादंबरी खंडाखंडाने निघत होती. दोघांचं जमवा, तिला मरू देऊ नका, अशी पत्रं वाचक लिहीत होते. रिचर्डसनने ऐकलं नाही. उलट लव्हलेस लोकांना फारच आवडतोय हे पाहून पुढच्या आवृत्त्यांत त्याने त्याला आणखी काळा केला.

लव्हलेस आवडण्याचं कारण कारागिरीतलं आहे. कादंबरी पत्रांची, आणि हा माणूस स्वतःची पत्रं स्वतः लिहितो. चटपटीत, हुशार, खट्याळ पत्रं. ज्याच्या हाती लेखणी त्याच्या बाजूने वाचक झुकतो, मग तो कितीही नीच असो. आज नायकाच्या तोंडून ‘मी’ म्हणत प्रकरणं लिहिणारी प्रत्येक लेखिका याच खड्ड्याच्या काठावर उभी असते. इंग्रजी कादंबरीचा पाया घालणाऱ्यांतल्या एकाला जे पात्र आवरलं नाही, ते लिहिणं मोबाइलवर रोज रात्री एक भाग टाकणाऱ्या मुलीला सोपं जात असेल, असं समजायला बरंच धाडस लागतं.

‘हे लोक अत्याचाराची भलामण करतात.’ अर्धा मान्य असलेला मुद्दा हा. कारण पुष्कळजणी खरोखरच भलामण करून बसतात, तेही मनात नसताना. पण तो दोष विषयाचा नाही, हाताचा आहे.

एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’ (१८४७) या कादंबरीतला क्रूर नायक हीथक्लिफ घ्या. इझाबेला त्याच्यावर भाळून घरातून पळते. त्याच रात्री तो तिचं लहानसं कुत्रं गळफास लावून टांगतो; नेली नावाची मोलकरीण ते मरायच्या आत सोडवते. पुढे हीथक्लिफच कुचेष्टेने सांगतो की या बाईने मला प्रेमकथेतला नायक समजून घर सोडलं. म्हणजे त्याच्यावर भाळणाऱ्या वाचकासाठीचा इशारा लेखिकेने कथेच्या पोटात ठेवला, आणि तोही त्याच्याच तोंडी. शिवाय बहुतेक गोष्ट सांगते ती नेली. तिला हीथक्लिफचा मोह नाही. ती कुरकुरते, नावं ठेवते, कधी स्वतःच चुकते. तिच्यामुळे त्या घरात एक माणूस असा राहतो ज्याचे पाय जमिनीवर आहेत.

आपल्या तमाशातल्या गवळणीत ही सोय कधीपासूनची आहे. मथुरेच्या बाजाराला दूध-दही घेऊन निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात आणि जकात मागतात. प्रसंग उघडा करून पाहिला तर रस्त्यात बायकांना अडवणं, एवढाच आहे. पण बरोबर मावशी असते. पुरुषाने रंगवलेली, फटकळ, समोर देव आहे म्हणून गप्प न बसणारी. तिची जीभ चालू असते म्हणून प्रेक्षक निर्धास्त हसतो. डार्क रोमान्सचा आराखडा करताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: या कथेत मावशी कोण? दर वेळी ते पात्रच असेल असं नाही, एखादी वस्तूसुद्धा चालते.

माझ्या पहिल्या कथेत एक वाक्य होतं: ‘त्याने तिचं मनगट करकचून धरलं. इतकं घट्ट तिला आजवर कुणी धरूनच ठेवलं नव्हतं.’ वाचकांनी बदामांचा पाऊस पाडला. दोन वर्षांनी वाचलं तेव्हा लाज वाटली. नायिकेला तसं वाटणं खोटं नव्हतं, लहानपणापासून कुणाला नकोशी असलेली ती मुलगी. पण त्या वाक्यात मीही तिच्याबरोबर वाहवत गेले होते. दुरुस्त करताना वाक्य तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ वाढवली. ती बाही मनगटाखाली ओढून घेते. आई विचारते, एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा कुर्ता कशाला? ती म्हणते, ऑफिसात एसी फार असतो. बस, एवढंच. कुठे उपदेश नाही. आता नायिकेला रात्रीचं आठवतं आणि वाचकाला बाही आठवते. बदाम कमी झाले हे कबूल करते.

‘बायकांना हेच आवडतं.’ यावर फार शब्द खर्च करणार नाही. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रेमकथेत काय कधीच नसावं, या प्रश्नाच्या उत्तरात बलात्कार आणि दुःखान्त हे दोन्ही अगदी वर होते. त्या बायका सरसकट काहीही गिळत नव्हत्या. कुठलं पुस्तक चांगलं, कुठलं टाकाऊ, याचे त्यांचे कडक नियम होते. डार्क रोमान्स वाचणारीचेही असतात, फक्त वेगळे. दुसऱ्या बाईला फसवणारा नायक तिला अजिबात चालत नाही आणि पिस्तूल रोखणारा चालतो, हे बाहेरून विचित्र दिसेल. पण पिस्तूल रोखणारा तिला तिच्या गल्लीत भेटणार नाही. फसवणारा भेटलेला असतो.

‘प्रौढांसाठी लिहिलं की झालं.’ इशारा हवाच, आणि तो नेमका हवा. ‘बोल्ड कथा’ म्हणजे इशारा नव्हे. कोंडून ठेवणं आहे, मारहाण आहे, बळजबरी आहे, हे नाव घेऊन सांगावं. क्रमशः कथेत तर वाचक सतराव्या भागातूनही आत शिरतो, त्यामुळे पहिल्या भागावरची पाटी त्याने पाहिलेलीच नसते. आणि पात्रं प्रौढ असली पाहिजेत, नुसती वयाच्या आकड्याने नव्हे, वागण्या-बोलण्यानेही. एकवीस वर्षांची सांगून बारावीतल्या मुलीसारखी बोलणारी नायिका मी दुसऱ्याच भागात सोडून देते. यापलीकडे या मुद्द्यात दम नाही. ‘पाटी लावली की आपण मोकळे’ असं लिहिणाऱ्या कुणालाही म्हणताना मी ऐकलेलं नाही.

आता ‘मराठीला शोभत नाही’. शोभण्याचं म्हणाल तर मराठी जिच्यातून आली त्या महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथासप्तशती’ या जुन्या काव्यसंग्रहात चोरट्या भेटींची कमतरता नाही. आणि ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरचा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथे १९६९ मध्ये लेखक सुटला. समाजाची मापं बदलत असतात, हे त्या निकालातही आहे. तेव्हा परदेशी खूळ वगैरे राहू द्या. मराठीत हे लिहिणं अवघड आहे, एवढं मात्र खरं. पण त्याची कारणं संस्कृतीरक्षक सांगतात ती नाहीत.

पहिलं, शब्द. शरीरासाठी आपल्याकडे एक तर डॉक्टरच्या तक्त्यावरचे संस्कृत शब्द आहेत, नाही तर शिव्या. मधली जागा रिकामी, म्हणून लेखिका ऐन प्रसंगात इंग्रजीत उडी मारतात आणि गावाकडची नायिका अचानक वेब सिरीजसारखी बोलायला लागते. मी मनगट, मान, पाठ, कानाची पाळी अशा घरातल्या शब्दांवर भागवते. पण तिथेही पेच आहे. छातीत धडधडणं, अंगावर काटा येणं, घशाला कोरड पडणं हे आपण भीतीसाठीही वापरतो आणि ओढीसाठीही. नायिकेचा यात गोंधळ झाला तर ती कथा आहे. लेखिकेचा झाला तर तीच वर म्हटलेली भलामण. म्हणून प्रत्येक धडधडीच्या आसपास एक खूण ठेवावी लागते: ती पुढे सरकली की दाराकडे पाहिलं?

दुसरं, ‘नको’. आपल्या भाषेत ‘लटका नकार’ असा तयार शब्दप्रयोग आहे. लटका राग, लटका रुसवा आणि लटका नकार. लावण्यांनी, गवळणींनी आणि कितीतरी सिनेमांनी ‘नको ना’ला इतका लाडिक सूर दिला आहे की खरा ‘नको’ कागदावर ऐकूच येत नाही. ‘ती नको म्हणाली’ असं लिहिलं की अर्धे वाचक मनात पदर दातात धरलेली बाई बघतात. मग ‘नको’ एकट्याने पुरत नाही. त्याच्यामागे ‘ना’ येऊ द्यायचा नाही, उद्गारचिन्ह द्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे त्या नकाराने कथेत काहीतरी हललं पाहिजे. नकारानंतर जर तेच घडणार असेल जे होकारानंतर घडलं असतं, तर तो शब्द लिहिला काय, न लिहिला काय.

तिसरं, तू आणि तुम्ही. ही अडचणही आहे आणि आपल्या हातातली सगळ्यात धारदार सुरीही. माझ्या दुसऱ्या कथेतली नायिका नायकाच्या कंपनीत हिशेब बघते. तो तिला पहिल्या दिवसापासून ‘तू’, ती त्याला ‘सर’ आणि ‘तुम्ही’. तो पहिल्यांदा वाट अडवतो तेव्हा ती म्हणते, ‘सोडा मला.’ नकार देतानाही क्रियापद आदरार्थी! हे मी ठरवून लिहिलं नव्हतं, भाषेनेच लिहून दिलं. लक्षात आल्यावर ते जपून ठेवलं, आणि सव्वीस भाग ती ‘सोडा’च म्हणत राहिली.

सत्ताविसाव्या भागात ती म्हणाली, ‘सोड.’ त्याने हात काढला. आणि मी अडकले. तो थांबत नाही यावरच तर कथा चालली होती. आता तो थांबला, खोलीत दोन माणसं उभी, आणि मला पुढचं वाक्य येईना. तीन आठवडे एकही भाग टाकला नाही. वाचकांनी शिव्या घातल्या. तो माफी मागतो, ती रडते, ती त्याला थोबाडीत मारते, सगळं लिहून पाहिलं, सगळं खोटं वाटलं. शेवटी जे राहिलं ते दोन ओळींचं होतं. ती खुर्ची ओढून बसते, त्याने तिसऱ्या भागात काढून घेतलेल्या मोबाइलसाठी हात पुढे करते आणि म्हणते, ‘माझा फोन दे.’

त्या भागाखाली बहुतेकांनी विचारलं होतं की रोमान्स कधी सुरू होणार. एकीने मात्र काहीच विचारलं नव्हतं. तिने फक्त एक अक्षर अवतरणात टाकलं होतं: ‘दे’.