उष्टावणाला वॉकर देणाऱ्यांनो

आज एका उष्टावणात पुन्हा तेच. बाळाच्या तोंडाची खीर पुसून व्हायच्या आत कुणीतरी खोका फोडला. चाकांचा वॉकर, वर गाणी आणि दिवे. सहा महिन्यांचं बाळ, अजून आधाराशिवाय धड बसत नाही, त्याला लगेच त्या झोळीत अडकवलं. अंगठे कसेबसे फरशीला टेकत होते. गाडा सरकला आणि टाळ्या सुरू. "चाललं, चाललं!"

अहो, कुठे चाललं? वॉकरमध्ये वजन झोळी पेलते. मूल पुढे झुकून नुसत्या चवड्यांनी फरशी मागे रेटतं. उभं राहताना तोल सावरणारे पोटाचे, खुब्यांचे स्नायू बसून राहतात. समोरच्या ट्रेमुळे स्वतःची पावलंही दिसत नाहीत. आणि वेग? सेकंदाला मीटरभर! जिन्याची कड, टीपॉयवरचा गरम चहा, इस्त्रीची लोंबती वायर, सगळं हाताशी. "आम्ही बघतोय ना" म्हणणारा उठेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. कॅनडाने 2004 मध्ये यांची विक्री, आयात, जाहिरात, सगळं बंद केलं. आपण रिबन बांधून देतो.

हो, वॉकरमधली मुलंही पुढे चालतात, मान्य. ती वॉकर असूनसुद्धा चालतात.

तिथल्या एका मावशींनी विचारलंच, "आमच्या वेळी पांगुळगाडा नव्हता का?" होता की. पण त्यात मूल बसत नाही. मागे उभं राहतं, दांडा धरतं, स्वतःचं वजन तळव्यांवर घेऊन ढकलतं, दमलं की फतकल मारतं. त्यालाही वेळ यावी लागते. मूल दिवाण धरून आपणहून उभं राहून कडेकडेने पावलं टाकायला लागलं की मगच द्यायचा. दांडा छातीच्या उंचीला हवा. गुळगुळीत टाइल्सवर रिकामा गाडा पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटतं, म्हणून खालच्या फळीवर दोनेक किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधा. तीनचाकी वळताना कलंडतो, रुंद बुडाचा चारचाकी बरा. पाय अनवाणी, मोजे नकोत.

त्या आईवर मात्र राग धरवत नाही. दिवसभर घरात दुसरं माणूस नाही, दहा मिनिटं दोन्ही हात मोकळे हवेत, तिने काय करावं? नजरेसमोर, ओट्यापासून लांब, जमिनीवर सतरंजी घालावी. बाळ जागं असताना पालथं, छातीखाली टॉवेलची गुंडाळी, खेळणं हाताच्या जरा पलीकडे आणि एका बाजूला, म्हणजे वळावं लागतं. न रांगणाऱ्या बाळाला असं दिवसभरात मिळून निदान 30 मिनिटं हवं. दोन-तीन मिनिटांनी कुरकुरलं तर उचला, थोड्या वेळाने पुन्हा ठेवा.

आणि घाई कसली हो? आधाराशिवाय चालणं साधारण 8 ते साडेसतरा महिन्यांत कधीही येतं. काही मुलं तर रांगतच नाहीत, बुडावर सरकतात. शेजारचं दहाव्या महिन्यात चाललं तर चालू दे. मात्र 18 महिने होऊनही चालत नसेल, एकाच बाजूचे हात-पाय वापरत असेल किंवा पाय ताठ करून सतत चवड्यांवरच उभं राहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

माळ्यावर जुना वॉकर असेल तर "धाकटीच्या बाळाला होईल" म्हणून पुढे ढकलू नका. चाकं काढा, झोळी कापा, मग भंगारात द्या. अख्खा दिलात तर भंगारवाला तो विकेल.