चरित्रपटास पात्र ठरू इच्छिणाऱ्या छायाचित्रकारांस काही सूचना

आपण छायाचित्रकार आहात, आणि आपण हयात असतानाच आपल्यावर चित्रपट निघावा, त्यात आपली भूमिका आपल्याहून 27 वर्षांनी लहान असलेल्या नामांकित नटाने करावी आणि चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाने ‘माणूस वाईट, पण जगला मात्र झकास’ असे म्हणावे, अशी आपली सुप्त इच्छा असेल, तर त्यात संकोचण्याचे कारण नाही. हे सारे भाग्य एका माणसाच्या वाट्याला आलेले आहे. प्रागचा यान सौदेक हा तो माणूस, इरेना पाव्लास्कोवा ही दिग्दर्शिका, कारेल रोदेन हा नट, आणि 2015 च्या जानेवारीत चेक चित्रपटगृहांत लागलेल्या त्या चित्रपटाचे नाव ‘फोटोग्राफ’. चेक भाषेत फोटोग्राफ म्हणजे छायाचित्र नव्हे, तर ते काढणारा. आपल्या कानांना यात माणूस आणि त्याची तसबीर यांची गल्लत वाटेल. ती तशीच राहू द्यावी, कारण पुढच्या सर्व सूचना तिच्यावरच उभ्या आहेत.

प्रथम आपले आडनाव पाहून घ्यावे. चेक छायाचित्रणात एक सुदेक होऊन गेला आणि एक सौदेक आहे. देवनागरीत उकार पुसून काना व दोन मात्रा दिल्या की पहिल्याचा दुसरा होतो, आणि शिवाय त्यात सौदाही येतो. योसेफ सुदेकने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला, उरलेल्या हाताने अवजड कॅमेरे हाताळले, लग्न केले नाही, मंगळवारी मित्रांना घरी बोलावून अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकवल्या, आणि 1940 ते 1954 अशी 14 वर्षे स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीची, तिच्या काचेवर साठणाऱ्या वाफेची आणि दवाची छायाचित्रे काढली. छायाचित्रकलेवर जीव असणारी माणसे त्या काचेपुढे आजही तासन्‌तास उभी राहतात. परंतु चौदा वर्षे आणि एकच खिडकी, हे ऐकून कोणता निर्माता खिशातून धनादेश काढील? नग्न स्त्रीदेहाच्या छायाचित्रांमुळे जगभर नाव झालेल्या फ्रांतिशेक द्रतिकोलने तर 1935 मध्ये चालता स्टुडिओ मोडला आणि तो चित्रकला व बौद्ध साधना यांकडे वळला. अशी ऐन वेळी विरक्ती येणे चरित्रपटास सर्वस्वी घातक असते, ती येत असल्याची चिन्हे दिसताच वैद्याकडे जावे. त्याच 1935 साली सौदेक जन्मला.

बालपणाविषयी सूचना देण्याचा मला अधिकार नाही. सौदेकचे वडील ज्यू होते. नात्यातील अनेक माणसे तेरेझीनच्या नाझी छळछावणीत मेली, आणि यान व त्याचा जुळा भाऊ कारेल, जो पुढे काया सौदेक या नावाने चेक कॉमिक्सचा मोठा चित्रकार झाला, ही दोन्ही मुलेही नाझींच्या एका छावणीत डांबली गेली आणि वाचली. पोस्टरवर छापण्यासारखी ही गोष्ट नाही, आणि मीही ती येथे सूचनांच्या यादीत बसवणार नाही.

त्यानंतर मात्र आपणांस एक उत्तम राजवट मिळवावी लागेल. सौदेकला ती आयतीच मिळाली. कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात तो छापखान्यात कामाला जाई आणि उरलेल्या वेळेत प्रागच्या एका तळघरात छायाचित्रे काढी, कारण तो काढी तशी चित्रे सत्तेच्या लेखी अश्लील होती आणि पोलिसांची पाळत असे. तळघराची भिंत ओल धरलेली, रंगाचे पोपडे निघालेली, जागोजागी डाग पडलेली होती. कोणताही शहाणा घरमालक प्रथम तिला गिलावा करवून घेता. सौदेकने 1972 पासून तिलाच पार्श्वभूमी केले. तिच्यापुढे लठ्ठ, सडपातळ, म्हाताऱ्या, तरुण, वस्त्रे ल्यालेल्या आणि न ल्यालेल्या देहांची नाटके मांडली, आणि कृष्णधवल छायाचित्रे हाताने रंगवली, जशी आपल्याकडच्या जुन्या फोटोस्टुडिओंत नवरानवरीचे गाल गुलाबी करून देत असत. या कामाला रात्री लागतात, रंगांची जाण लागते, आणि चुकलेले पन्नास कागद फाडण्याची तयारी लागते. चित्रपटात यांतले फारसे काही दाखवता येत नाही, कारण ब्रश बुडवणारा माणूस दोन मिनिटांत कंटाळवाणा होतो आणि पलंगावरचा माणूस होत नाही. म्हणून भिंत आपली आपण शोधावी, पण निर्मात्याला पलंगच दाखवावा.

राजवट गेल्यानंतर अडचण उद्भवते, हे लक्षात ठेवावे. 1989 नंतर कोणी पाळत ठेवीना, उलट 1990 मध्ये फ्रेंच सरकारने सौदेकला कला व साहित्याचा किताब दिला. जे चोरून पाहावे लागे ते भिंतीवर टांगण्याच्या पोस्टरांवर आले, 1992 मध्ये त्याचे एक चित्र अमेरिकी रॉक बँडच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरही झळकले. बंडखोराच्या दाराशी पोलिसांऐवजी गिऱ्हाईक येऊ लागले, की बंडखोरी कोठून आणावी? त्यावर उपाय एकच, ती खासगी आयुष्यातून आणावी. चित्रपटाचा भरही तेथेच आहे: एका स्त्रीमागून दुसरी येते, भांडणे होतात, पैसा येतो आणि हातातून निसटतो, आणि आपला नायक या सर्व गोंधळात भाबड्या बोकडासारखा उभा असतो.

येथे सर्वांत महत्त्वाची सूचना येते. पटकथेत आपला हात ठेवावा. ‘फोटोग्राफ’च्या पटकथेच्या श्रेयात पाव्लास्कोवाबरोबर खुद्द सौदेकचेही नाव आहे. अशा वेळी भोळा माणूस स्वतःला देव करून घेतो आणि तोंडघशी पडतो. आपण तसे करू नये. आपण स्वतःला लंपट, लहरी, व्यवहारशून्य, म्हातारपणीही न सुधारणारा असे रंगवावे. दोष कबूल करणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न विचारण्याचे धैर्य फारच थोड्यांना होते, आणि ज्यांना होते त्यांना प्रेक्षकच गप्प करतात. ‘अहो, तो स्वतःच तर सांगतोय!’

नट निवडताना रोदेनचे उदाहरण समोर ठेवावे. 2004 मध्ये हॉलिवूडच्या पडद्यावर रशियाचा कुप्रसिद्ध साधू रास्पुटिन झालेला हा माणूस अंगवस्त्राशिवायही भारदस्त दिसतो, हे साधे काम नाही. तो खरोखर चांगला नट आहे आणि त्याच्या डोळ्यांत मधूनच जी दमणूक येते ती पटकथेत लिहिलेली नसावी असा मला संशय आहे. दिग्दर्शन शक्यतो स्त्रीकडे द्यावे. 1990 मध्ये पदार्पणाच्याच चित्रपटासाठी फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात विशेष उल्लेख मिळवलेली पाव्लास्कोवासारखी दिग्दर्शिका मिळाली, तर पुरुषाच्या नजरेविषयीचे सर्व आक्षेप दारातूनच परत धाडता येतात. स्त्री पात्रांची नावे बदलावीत, त्यांच्या तोंडी भरपूर संवाद द्यावेत, पण ते संवाद आपणच लिहावेत.

शेवटी तारखेचे तेवढे पाहावे. सौदेक आपल्या चित्रांवर खऱ्या वर्षातून शंभर वजा करून साल घालत असे. 1984 मध्ये काढलेल्या चित्राखाली 1884 लिहिलेले असे. लोक याला गतकाळाची ओढ म्हणतात. आपणही आपल्या चरित्रपटाच्या पोस्टरवर तसेच साल घालावे, म्हणजे त्यात वावरणाऱ्या सर्व स्त्रिया कागदोपत्री केव्हाच मरून गेलेल्या असतील, आणि आपली बाजू सांगण्यासाठी पहिल्या खेळाला त्यांतील एकही येणार नाही.