दादा, हा फॅन्सी ड्रेस नव्हे

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, त्यावरून रान उठलं आणि जूनच्या शेवटी तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या अडीच महिन्यांत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही रोज खडाजंगी चालू होती. एका रात्री न राहवून मीही इथून, अमेरिकेतून, चार ओळी लिहिल्या: मराठी शाळा आपणच ओस पाडल्या, मग दोष फक्त सरकारला कशाला द्यायचा. सांगलीच्या माझ्या मावसभावाचं उत्तर दहा मिनिटांत आलं. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी गणपतीच्या मिरवणुका पाहिल्या आहेत. त्याने लिहिलं, "तू तिकडे बसून आम्हाला मराठी शिकवू नकोस. तुमच्या पोरांना धड बोलता येत नाही. भाषा गेली की संस्कृती गेली. तुमचं ते मंडळ म्हणजे वर्षातून दोनदा फॅन्सी ड्रेस."

खाली तिघांनी अंगठे दिले होते. त्यातली एक माझी सख्खी बहीण.

हे वाक्य मी दोन महिने डोक्यात घेऊन फिरले. ऑफिसला जाताना आय-94 महामार्गावर गाड्या खोळंबल्या की मनातल्या मनात दादाशी भांडायचे. आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, मिलवॉकीच्या आयरिश फेस्टमध्ये, म्हणजे इथल्या आयरिश लोकांच्या नाच-गाण्याच्या जत्रेत, तळ्याकाठच्या नाचाच्या स्टेजमागे एका मुलीकडे बघता बघता मला त्याचं उत्तर सापडलं असं वाटलं.

ती माझ्या लेकीची शाळेतली मैत्रीण. डोक्यावर कुरळ्या बटांचा विग, अंगात कडक भरतकामाचा ड्रेस, पायात पांढरे मोजे. ती खाली वाकली, रोल-ऑनच्या बाटलीतला डिंक पोटरीभोवती गोल फिरवला आणि मोजा वर ओढून तळहाताने दाबून धरला. नाचताना मोजा अर्ध्या इंचानेही घसरता कामा नये. मग बुटांच्या बकलांवर काळी चिकटपट्टी. तिची आजी बाजूला दोन पिना तोंडात धरून उभी. मला एकदम आमच्या शाळेचं गॅदरिंग आठवलं. लेझीमच्या आधी नऊवारीचा काष्टा सुटू नये म्हणून आई माझ्या कमरेला अशाच तोंडातल्या पिना काढून लावायची. ही मुलगी मिलवॉकीला लागून असलेल्या टोसाची, तिची आई टोसाची, आजीसुद्धा इथलीच. आयर्लंड तिघींनी मिळून एकदा पाहिलंय, तेही आठ दिवस. पण ती स्टेजवर गेली, हात अंगाला चिकटलेले, मान ताठ, आणि कमरेखाली नुसती वीज. याला फॅन्सी ड्रेस म्हणायची कुणाची हिंमत आहे?

हा नाच जगभर पोचला कसा, तेही दादाने बघावं. 1994 मध्ये डब्लिनला युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात सात मिनिटांचा एक नाच झाला, रिव्हरडान्स. त्यानंतर आयरिश नाचाकडे बघण्याची आयर्लंडचीच नजर बदलली. त्यात पुढे नाचणारे दोघे कोण होते? मायकल फ्लॅटली जन्माने शिकागोचा, जीन बटलर न्यू यॉर्कची. तिकडे 'प्लॅस्टिक पॅडी' अशी एक शिवी आहे, परदेशात वाढलेल्या नकली आयरिश माणसासाठी. म्हणजे त्यांच्याकडेही एक दादा आहेच. पण त्या नाचाला जगाच्या स्टेजवर नेलं ते याच बाहेर जन्मलेल्या पोरांनी.

फ्रान्सिस ओ'नील आयर्लंडच्या कॉर्कमधून निघून शिकागोला आला आणि पोलिसात शिरून 1901 मध्ये तिथला पोलीसप्रमुख झाला. त्याने शहरातल्या आयरिश वादकांकडून चाली ऐकून उतरवून घेतल्या आणि 1903 मध्ये 1,850 चालींचा संग्रह छापला. आयर्लंडमधले वादक आजही त्या संग्रहातून शिकतात. स्लायगोचा फिडलवादक मायकल कोलमन 1914 मध्ये अमेरिकेत आला. त्याच्या न्यू यॉर्कमध्ये निघालेल्या तबकड्या परत गावाकडे पोचल्या आणि गावचे वादक त्याच्यासारखं वाजवायला लागले. आणि 'केली', म्हणजे त्यांची सामूहिक नाचाची संध्याकाळ, जी आज प्रत्येक आयरिश गावाची खूण मानतात, त्या नावाने पहिल्यांदा भरली ती 1897 मध्ये लंडनला. घर सोडून गेलेल्या माणसांनी ती भरवली.

शुद्धतेचं म्हणाल तर आयरिश संगीतातला बुझुकी, एक तंतुवाद्य, 1960 च्या दशकात ग्रीसहून आला. आपली पेटी युरोपातून आली, आणि आज पेटीशिवाय आपलं भजन उभं राहत नाही. इथे फेस्टमध्ये लोक कॉर्न्ड बीफ आणि कोबी खातात. आयर्लंडमध्ये कोबीसोबत डुकराचं खारवलेलं मांस असायचं. न्यू यॉर्कला आलेल्या गरीब आयरिश लोकांना ज्यू खाटकाकडचं कॉर्न्ड बीफ परवडलं, म्हणून ते ताटात आलं. त्याला खोटं कसं म्हणू? परवडलं ते शिजवलं आणि त्याला घरची चव दिली. माझी पुरणपोळी कॅनमधल्या चण्यांची असते. तीही पुरणपोळीच आहे.

एक गोष्ट मला दरवर्षी हलवते. फेस्टचं मैदान मिशिगन तळ्याला लागून आहे आणि त्याच्या शेजारी थर्ड वॉर्ड. आज तिथे उंची दुकानं आणि महागडे लॉफ्ट आहेत, पण एकेकाळी ती आयरिश कष्टकऱ्यांची वस्ती होती. आयर्लंडमधल्या 1845 ते 1852 च्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली, त्यातली काही इथे पोचली. मग सप्टेंबर 1860 मध्ये 'लेडी एल्गिन' नावाची बोट शिकागोहून परतताना याच तळ्यात बुडाली. सुमारे तीनशे माणसं गेली, त्यात थर्ड वॉर्डची घरंच्या घरं रिकामी झाली. 1981 पासून त्याच पाण्याच्या काठावर ही माणसं गातात. रविवारी सकाळी खुल्या रंगमंचावर 'मास', म्हणजे कॅथलिक प्रार्थना, होतो, लोक गरजूंसाठी डबाबंद अन्न घेऊन येतात आणि तसेच दिवसभर थांबतात. हजारो स्वयंसेवक, सगळे बिनपगारी. आमचं उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळही 1981 चंच. दोन्हीकडे त्याच वर्षी कुणालातरी वाटलं की आता आपण हे बांधलं नाही तर ते सुटेल.

आणि दादाने हेही लक्षात घ्यावं की या लोकांशी आपलं नातं आजचं नाही. टिळकांनी 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग काढली तो 'होमरूल' शब्द आयर्लंडच्या लढ्यातून आला, आणि त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध ईस्टरचा उठाव चालू होता. त्यांच्या झेंड्यातही हिरवा, पांढरा आणि केशरी. त्या वर्षी शुक्रवारी 15 ऑगस्ट होता. सकाळी घराच्या खांबाला मी आपला तिरंगा लावला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या तिरंग्यांच्या रांगेखालून आत गेले. त्यात मला काहीच परकं वाटलं नाही.

तर हे सगळं दादाला लिहायचं असं ठरवून मी चीज कर्ड्सचा द्रोण घेऊन फिरत होते, तोवर भाषेच्या तंबूपाशी आले.

तिथे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ऐंशीच्या पुढचे, मांडीवर बोरान. एका सात-आठ वर्षांच्या मुलाला ते वाजवायला शिकवत होते. बकऱ्याच्या कातड्याची ती डफासारखी चकती, आणि वाजवायच्या काडीला ते म्हणाले 'टिपर'. मी थबकले. आपल्या ढोलाचं टिपरू! मी त्यांना तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मग मी विचारलं, तुम्हाला आयरिश येतं का? त्यांनी टिपर मांडीवर ठेवला. म्हणाले, आजी आयरिशमधून प्रार्थना करायची, आम्हाला कानावरून माहीत आहे. अर्थ कधी विचारला नाही, आणि आता विचारायला कुणी उरलं नाही.

माझ्या हातातला द्रोण गार झाला.

कारण त्या आजीच्या जागी मला माझी आई दिसली. सांगलीला फोन लावला की माझी लेक "हाय आजी, कशी आहेस" म्हणते, आई भरभरून बोलते, लेकीला सगळं कळतं, आणि उत्तरं इंग्रजीत जातात. आई "हो का, हो का" म्हणते. तिला 'सॉकर प्रॅक्टिस' एवढाच शब्द कळलेला असतो. फोन ठेवल्यावर ती मला विचारते, "काय म्हणत होती गं?" एकवीस वर्षं मी या देशात आहे आणि गेली दहा वर्षं माझ्या आईच्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये दुभाषी म्हणून बसले आहे. रविवारची मराठी शाळा आम्ही दोन वर्षांत सोडली. सॉकर त्याच वेळेला होता. हे मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं.

आयर्लंडने स्वतंत्र झाल्यापासून शाळेत आयरिश सक्तीची ठेवली. 2022 च्या जनगणनेत जवळपास पावणेएकोणीस लाख लोकांनी आयरिश येते म्हणून सांगितलं, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे बहात्तर हजारांच्या आत. मराठी बोलणारे 2011 मध्येच सव्वाआठ कोटींच्या वर होते. म्हणून दादा म्हणतो तितकं काही बुडालेलं नाही, असं मला तावातावाने म्हणता येतं. पण त्याच्या सोसायटीत संध्याकाळी खाली खेळणारी मुलं कोणत्या भाषेत भांडतात ते मी मागच्या डिसेंबरात ऐकलंय. त्याचा मुलगाही इंग्रजी माध्यमातच शिकला. म्हणजे सांगलीत काय आणि मिलवॉकीत काय, भाषा आम्ही दोघांनीही दुसऱ्याने सांभाळावी म्हणून सोडून दिली आहे. फरक इतकाच की माझ्याकडचं नुकसान फोनवर ऐकू येतं.

तरीही 'भाषा गेली की संस्कृती गेली' हे मी मान्य करणार नाही. भाषा गेली की माणसाचं मन अर्धं रिकामं होतं, हे त्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं. पण उरलेल्या अर्ध्यात ते बोरान वाजवतात, आणि समोरचं पोर ते शिकतं.

रविवारी रात्री शेवटी सगळे वादक एकाच स्टेजवर येतात. त्याला ते 'स्कॅटरिंग' म्हणतात, पांगापांग. पन्नास-साठ माणसं, कुणी कधी एकत्र सराव केलेला नाही, आणि एकाने चाल सुरू केली की बाकीचे तिच्यात शिरतात. लेक माझ्या खांद्याला टेकून उभी होती. आम्ही पार्किंगपर्यंत काही बोललो नाही.

दादाला लिहिलेलं लांबलचक उत्तर मी पाठवलं नाही. गणपतीला दहा दिवस होते, आणि आमच्या मंडळाचं पथक एका गॅरेजमध्ये सराव करतं. पुण्याहून मागवलेले पाच ढोल, दोन ताशे, चौदा मुलं, त्यातली बहुतेक इथेच जन्मलेली. त्या आठवड्यातला सरावाचा व्हिडिओ मी त्याला एकट्याला पाठवला, शब्दही न लिहिता. तो कॉलेजात असताना सहा वर्षं पथकात ढोल वाजवायचा.

दोन दिवस काहीच नाही. मग त्याचा आवाजी निरोप आला, चाळीस सेकंदांचा. कौतुक नव्हतं आणि टोमणाही नव्हता. "ताशाकडे लक्ष नाही तुमच्या पोरांचं. धावतायत. आधी ताशा ऐका, तो काय म्हणतोय ते ऐका, मग टिपरू सोडा. आणि ती डावीकडची दोन नंबरची, तिचा हात चांगला आहे. कोण ती?"

दोन नंबरची माझी लेक. पुढच्या सरावाला मी गॅरेजमध्ये फोन स्पीकरवर लावला. मुलं ढोल कमरेला बांधून तशीच उभी राहिली. निरोप संपल्यावर एकाने विचारलं की काका काय म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत लेक वळली आणि त्यांना म्हणाली, "ही सेज वुई आर रशिंग. लिसन टु द ताशा फर्स्ट." मग टिपरू उचलून ताशावाल्याकडे बघत थांबली.