बॅटरी बसली म्हणजे चालली असं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इलेक्ट्रिक माउंटन बाईकच्या बॅटऱ्या एकमेकांत बदलून वापरण्याबद्दल मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ३६ व्होल्ट म्हणजे ३६ व्होल्ट, मग बॅटरी कोणाची का असेना. मी लोकांना उगाच घाबरवतो आणि त्यात कंपन्यांचं फावतं. अ‍ॅडॉप्टर लावून किंवा दोन बॅटऱ्या एका वायरने जोडून कितीतरी जण बिनघोर डोंगर चढतात.

बॅटरी उसनी घ्यायला माझा विरोध नाही. उलट ती एकमेकांना द्यायलाच हवी. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) वरची सायकलची बॅटरी नेता येत नाही, आणि आपल्या बॅटऱ्या ५००, ६२५, ७५० अशा. विमानाने सायकल लांबच्या डोंगरात न्यायची, तर तिथल्या कोणीतरी बॅटरी दिल्याशिवाय ती चालायची कशी? माझा आक्षेप आहे तो फक्त ‘बसली म्हणजे चालली’ या समजुतीला.

३६ हा आकडा सरासरीचा आहे. ३.६ व्होल्टचे १० सेल एकापुढे एक जोडले की ३६ होतात. बॅटरी पूर्ण भरली की तेच ४२ होतात, आणि संपत आली की ३० च्या आसपास येतात. आता तुम्ही सुचवलेली दोन तोंडांची वायर घेऊ. तुमची बॅटरी सकाळपासून वापरून ३३ वर आलेली, मित्राची नुकतीच चार्जरवरून काढलेली, ४२ वर. दोन्ही जोडल्या त्या क्षणी भरलेली बॅटरी रिकामीत धो-धो ओतायला लागते, कारण मध्ये अडवणारा रोध जवळपास नसतोच. जी बॅटरी चार्जर ४ अँपिअरने सावकाश भरतो, तिच्यात मोटर चढावर ओढते त्याहूनही जास्त प्रवाह घुसू शकतो. बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने, तो वेळेत तोडला तर ठीक, नाहीतर वायर, जोड किंवा सेल तापणार. दोन बॅटऱ्यांवर चालणारी यंत्रणा सायकलींच्या मोटर-बॅटऱ्या बनवणाऱ्या बॉश कंपनीनेही आणली आहे, पण तिथे कोणती बॅटरी कधी वापरायची हे सिस्टिम ठरवते. नुसती वायर काहीच ठरवत नाही.

चार्जरचंही तेच. ४८ व्होल्टच्या बॅटरीत १३ सेल, म्हणून तिचा चार्जर ५४.६ व्होल्टपर्यंत जातो. त्याची गोल पिन ३६ वाल्या काही बॅटऱ्यांतही सहज जाते, आणि त्या तर ४२ लाच पूर्ण भरतात. म्हणून बॅटरी उसनी घेतली की तिचाच चार्जर मागून घ्या.

कंपन्यांवरचा तुमचा राग मला पटतो. २०२१ मध्ये बॉशने ‘स्मार्ट सिस्टिम’ ही मोटर-बॅटरीची नवी पिढी आणली आणि आधीच्या बॅटऱ्या नव्या सायकलींना चालेनाशा झाल्या. चांगल्या स्थितीतली महागडी बॅटरी निव्वळ पिढी बदलली म्हणून पडून राहावी, हे चूकच आहे, आणि त्याबद्दल आपण सगळ्यांनी बोललं पाहिजे. पण त्यावर अ‍ॅडॉप्टर हा उपाय नाही. बॅटरी मोटरला सतत कळवत असते: किती चार्ज उरलाय, सेल किती तापलेत, आता किती ओढलेलं चालेल. सिस्टिमला चकवणारा अ‍ॅडॉप्टर नेमकी हीच देवाणघेवाण तोडतो. मग सेल तापले तरी मोटर हात आखडता घेत नाही.

अगदी एकाच पिढीतल्या सायकलींमध्येही बारकावे आहेत. डाऊनट्यूबमधल्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीतल्या) बॅटरीला बाहेरून जे कव्हर स्क्रूने लावलेलं असतं, ते प्रत्येक सायकल कंपनीचं वेगळं. त्यामुळे बॅटरी तीच असूनही फ्रेममध्ये नीट बसत नाही. कुलूप ‘टक्’ वाजून पूर्ण लागलं नाही, तर दगडाळ उतारावर बॅटरी हलते आणि पिना घासतात. म्हणून बसवण्याआधी पिनांवरचा चिखल कोरड्या फडक्याने पुसा, लागल्यावर ओढून बघा. काढताना किल्ली फिरवण्याआधी दुसरा हात खाली धरा, कारण बऱ्याच सायकलींत ती खालून निसटते.

बॉशने २०२४ मध्ये बॅटरी लॉकही आणलं. मालकाने ते चालू ठेवलं असेल, तर त्याची बॅटरी दुसऱ्या सायकलीत मोटरची साथ देत नाही. बॅटरी बिघडली असं समजून ती उघडायला जाऊ नका, मालकाला अ‍ॅपमधून लॉक काढायला सांगा.

आणि देणाऱ्याला संकोच न करता विचारा: ही कधी जोरात पडली होती का? पाण्यात गेली होती का? आपटलेल्या बॅटरीतला सेल बरेच दिवस ठीक चालतो आणि मग चार्जिंगला लावल्यावर दगा देतो. केस फुगलेली, चिरलेली किंवा वास येणारी असेल, तर जिवलग मित्राची असली तरी नको म्हणा.

परत करतानाही थोडी काळजी घ्या. गोठवणाऱ्या थंडीतून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मित्र लगेच वापरणार नसेल, तर साधारण निम्मी भरून द्या.

तुम्ही आणि तुमचे मित्र ज्या सायकली अदलून-बदलून वापरता, त्यांच्या मोटरचं मॉडेल, साल आणि बॅटरीच्या लेबलवरचा पार्ट नंबर कळवाल का? त्यावरून कोणती बॅटरी कोणत्या सायकलीला चालेल ते तपासता येईल. पण तोवर ती दोन तोंडांची वायर काढून ठेवा, ही विनंती.