चेनला काही बघावं लागत नाही म्हणे!

"साहेब, बेल्ट नाही हिच्यात, चेन आहे. लाइफटाइम. बघायचंच नाही तिकडे." गाडी घेताना शोरूममधल्या पोराने टायमिंग चेनबद्दल (म्हणजे इंजिनात पिस्टनवाल्या क्रँकच्या फिरण्यावर वॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी साखळी; काही गाड्यांत तिच्याजागी रबरी बेल्ट असतो) हे सांगितलं आणि मी पुढची नऊ वर्षं खरंच तिकडे बघितलं नाही. त्याचं बिल गेल्या महिन्यात भरलं, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. डिझेल हॅचबॅक किंवा छोटी सेडान वापरत असाल तर चहा घेऊन बसा.

माझ्या गाडीत १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन आहे. १२४८ सीसी. मूळ फियाटचं, पण आपल्या रांजणगावातही बनायचं, आणि एकेकाळी मारुती, टाटा, फियाट तिघांच्याही गाड्यांत हेच असायचं. लोक चेष्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं तेव्हा नव्या गाड्यांतून ते गेलं, पण रस्त्यावर अजून ढिगाने आहे. इंजिन दणकट आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. जे झालं ते माझ्यामुळे झालं.

पावसाळा संपता संपता सकाळच्या पहिल्या स्टार्टरला एक आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात चिल्लर हलवावी तसा. जेमतेम दोन सेकंद, मग गाडी एकदम गुपचूप. दिवसभर पुन्हा कितीही वेळा चालू करा, काही नाही. दोन सेकंदांसाठी कोण गॅरेजला जातं? मी चार महिने तशीच हिंजवडीला नेली-आणली.

शेवटी मिस्त्रींना सांगितलं, तर ते म्हणाले, "रात्री इथंच ठेवा. गरम गाडी मला काही सांगणार नाही." सकाळी त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या बाजूच्या कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि पोऱ्याला चावी फिरवायला सांगितली. "चेन बोलतीय साहेब. अजून थोडी चालवली असती तर हेडच उतरवावं लागलं असतं." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा, वॉल्व्ह असलेला भाग.

त्या दोन सेकंदांचं गणित असं. चेनला ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्याच दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं. सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन ढिली असते आणि गाइडवर, म्हणजे तिला वाटेत धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर, आपटते. नवी चेन असेल तर टेन्शनर ती तेवढ्यात सांभाळून घेतो. झिजलेली असेल तर नाही. चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण ती रबरासारखी ताणत नाही. प्रत्येक कडीची पिन आणि बुश केसभर झिजतात आणि सगळ्या कड्यांचं मिळून चेन लांब होते. मग क्रँक एक सांगतो आणि कॅम जरा मागून येतो. फार मागे राहिला किंवा चेनने दात सोडला, तर पिस्टन वर येताना वॉल्व्ह अजून उघडाच असतो. पुढचं सांगायला नको.

आता चेन झिजते कशाने? काळ्या, थकलेल्या ऑइलने. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते आणि तेच ऑइल चेनच्या पिनांत फिरतं. मी ऑइल 'दहा हजार किलोमीटरला' बदलायचो, म्हणजे कधी बारा, एकदा तर सोळा हजाराला. शिवाय किलोमीटरचा हिशोबच आपल्याला फसवतो. हायवेला ताशी ७० ने दहा हजार किलोमीटर म्हणजे इंजिन दीडशे तासांच्या आत चाललं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ताशी २० ने तेच दहा हजार म्हणजे ५०० तास! सिग्नलला उभं असताना मीटर हलत नाही, चेन मात्र फिरतच असते. त्यात या इंजिनात ऑइल बसतं तीन लिटरच्या आसपास. त्यातलं अर्धा-पाऊण लिटर कमी झालेलं मला कळलंही नव्हतं, कारण ऑइल मोजायची डिपस्टिक मी वर्षभरात बाहेर काढली नव्हती. आणि हो, याच वर्षभरात मी सीट कव्हरवर सात हजार घातले होते.

काम पहिल्यांदाच समोर उभं राहून बघितलं. इंजिन जॅकवर तोलून माउंटिंग काढलं, पुली काढली, खालचं ऑइल चेंबर उतरवलं, मग पुढचं कव्हर. जुनी चेन बाहेर आल्यावर मिस्त्रींनी जुनी-नवी दोन्ही आडव्या धरल्या. नवी पट्टीसारखी सरळ राहिली. जुनी धनुष्यासारखी खाली वाकली. प्लास्टिकच्या गाइडमध्ये नख अडकेल एवढे दोन चर पडले होते आणि गाइडचा एक तुकडा चेंबरच्या जाळीत सापडला. तो तुकडा मी खिशात घालून आणला. बायको म्हणाली, आता फ्रेम करून लाव.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी 'फक्त टेन्शनर बदलू, तीन हजारात आवाज बंद' असं ऐकून आलो होतो. आवाज बंद झालाही असता. झिजलेली चेन तशीच राहिली असती. उघडलंच आहे तर चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) असं पूर्ण किट टाका, हे माझं ठाम मत. मजुरी त्या कव्हरपर्यंत पोचण्याची आहे, आतल्या तुकड्यांची नाही. मला सगळं मिळून एकोणीस हजार लागले.

आणि टायमिंग अंदाजाने, खुणा करून लावणाऱ्याकडे ही गाडी देऊ नका. क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना लागतात. आमच्या मिस्त्रींनी सगळं बसवल्यावर पिना काढल्या, पान्याने हाताने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवला (तेव्हा कुठे कॅमचा एक फेरा होतो) आणि पिना पुन्हा घालून बघितल्या. मी म्हटलं, "आता मारा ना स्टार्टर." ते वर न बघता म्हणाले, "हाताला अडकलं तर थांबता येतं. स्टार्टर थांबत नाही."

बेल्टवाल्या गाडीच्या पुस्तकात निदान 'इतक्या किलोमीटरला बदला' असं छापलेलं असतं, म्हणून लोक घाबरून का होईना बदलतात. चेनपुढे काही छापलेलं नसतं आणि आपण त्याचा अर्थ 'काही करू नका' असा लावतो. निदान एक लाख किलोमीटरला ऐकून, तपासून घ्या एवढं तरी छापायला काय हरकत आहे?

परवाच्या रविवारी मेव्हण्याबरोबर एक जुनी डिझेल बघायला गेलो होतो. एजंटने आम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती. "ऐका साहेब, आवाज आहे का कुठे?" खरंच नव्हता. मी बॉनेटवर हात ठेवला. चांगलं तापलेलं. मेव्हण्याला म्हटलं, चल, उद्या सकाळी सहाला येऊ, न सांगता.