पूल ओलांडला की परवाना रद्दी!

निवडणूक आली की अमेरिकेत तीच टेप सुरू: ‘एका राज्याचा पिस्तूल जवळ बाळगण्याचा (कॅरी) परवाना पन्नासही राज्यांत चालेल!’ डिसेंबर 2017मध्ये प्रतिनिधिगृहाने विधेयक मंजूर केलं, सिनेटमध्ये ते बसलं ते बसलंच. तोवर पेनसिल्व्हेनियाचा परवाना डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरताच रद्दी.

आणि ‘पिस्तूल घेऊन दुसऱ्या राज्यांतून प्रवास करू देणारा 1986चा केंद्रीय कायदा आहे ना’ म्हणणाऱ्यांनो, तो एकदा वाचा तरी! पिस्तूल रिकामं हवं. पिस्तूल काय नि काडतुसं काय, हाताशी काहीच नको. वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी लागते. ग्लव्ह बॉक्स चालत नाही, त्याला कुलूप असलं तरी! शिवाय निघालात तिथे आणि पोचणार तिथे, दोन्हीकडे ते बाळगणं कायदेशीर हवं. पण नाही, भाषणं ऐकायची, भरलेलं पिस्तूल कमरेला लावायचं आणि निघायचं!