रेंजफाइंडर संथ असतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

एसएलआर (आरशाच्या मदतीने लेन्समधलेच दृश्य डोळ्याला दाखवणारा कॅमेरा) सोडून डिजिटल रेंजफाइंडर (लेन्सऐवजी वेगळ्या काचेतून पाहून हाताने फोकस करायचा कॅमेरा) घ्यावा की नाही, या विषयावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: रेंजफाइंडर संथ असतो हे माझे विधान चुकीचे आहे, एसएलआरवर महिनाभर ३५ मिमीची एकच लेन्स लावून स्वतःची परीक्षा घ्यावी, हा माझा सल्ला म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवण्याचा प्रकार आहे, नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) परवडत नसेल तर लायका कंपनीची जुनी एम ८ किंवा एम ९ घेता येते, हे मी लिहिलेच नाही, आणि एकूण लेखालाच आंबट द्राक्षांचा वास येतो. यांपैकी शेवटचा आक्षेप मी वाद न घालता मान्य करतो. काही लाखांची बॉडी माझ्या आवाक्यात नाही, आणि माझा सगळा अनुभव मित्राकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्यावरचा आहे.

संथपणाचा मुद्दा मी ढोबळपणे मांडला, हेही खरे. व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून पाहायच्या काचेच्या) मध्यभागी दिसणाऱ्या छोट्या चौकटीतील दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस करायला मला वेळ लागतो, एवढेच मला म्हणायचे होते. मात्र अंतर आधीच ठरवून ठेवले तर हा प्रश्न उरतच नाही, हे मी सांगायला हवे होते. ३५ मिमीची लेन्स एफ ८ वर (हा आकडा जितका मोठा तितके लेन्सचे छिद्र लहान) ठेवून ३ मीटरवर फोकस केली, तर फिल्मच्या काळापासून चालत आलेल्या हिशेबाने साधारण १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते, आणि मग कॅमेऱ्याला ठरवायचे असे काही राहत नाही. हे मी वारीत, चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणात करून पाहिले आहे. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावत येतो, तेव्हा एसएलआरच्या चौकटीत तो शिरेपर्यंत दिसत नाही. दिसला की ऑटोफोकस जागा होतो, आणि नेमक्या टिपण्याच्या क्षणी आरसा वर उचलला गेल्यामुळे डोळ्यापुढे काळोख होतो. रेंजफाइंडरमध्ये चित्राची हद्द दाखवणाऱ्या चौकटीच्या रेषांबाहेरचेही दृश्य दिसत असल्याने अश्व आत येण्याआधीच कळतो, आणि शटर पडतानासुद्धा नजर खंडित होत नाही. पण तेवढेच प्रामाणिकपणे हेही सांगतो की मला तेथे तीन संधी मिळाल्या आणि त्यांपैकी दोन मी दवडल्या. एसएलआरवर एका दमात आठ-दहा चित्रे घेऊन त्यांतले एक ठेवण्याची सवय बोटांना जडलेली असली, की ती एका दिवसात सुटत नाही.

आता आपल्या विहिरीविषयी. येथे आपण माझी चूक नेमकी पकडली आहे. एसएलआरवर एकच लेन्स लावून फार तर इतके कळते की ३५ मिमीच्या दृश्यकोनात आपले मन रमते की नाही. रेंजफाइंडरमधून पाहणे कसे असते, हे त्यातून मुळीच कळत नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय त्या पाहण्यावरच अवलंबून आहे. एसएलआरमधून आपण लेन्समधूनच पाहतो. मागची पार्श्वभूमी किती विरघळली आहे, कडेची फांदी आत आली आहे की बाहेर राहिली आहे, हे समोर दिसते. रेंजफाइंडरच्या काचेतून सारे जग पुढपासून मागपर्यंत सारखेच स्पष्ट दिसते. धूसरपणाची कल्पना मनात करावी लागते. चौकटीच्या रेषाही अंदाजाच्याच असतात: लायकाच्या एम १० मध्ये त्या २ मीटरच्या अंतराला बरोबर बसवलेल्या आहेत, त्यामुळे दूरचे दृश्य टिपताना रेषांबाहेरचाही बराच भाग चित्रात येतो. (लेन्सचे झाकण काढायचे राहिले तरी व्ह्यूफाइंडर तक्रार करत नाही, माझी पहिली चार चित्रे काळीकुट्ट आली, हे मित्राला मी अजून सांगितलेले नाही.) म्हणून ज्याची चित्रे चौकटीच्या आतल्या काटेकोर मांडणीवर उभी असतात त्याने एसएलआर सोडू नये, आणि ज्याचे लक्ष चौकटीबाहेरून काय येऊ पाहते आहे याकडे असते त्याने रेंजफाइंडरचा विचार जरूर करावा, असे माझे मत आहे. मूळ लेखात आकार, वजन आणि चित्राचा दर्जा यांवरच मी जागा खर्च केली आणि हा मुद्दा दोन ओळींत उरकला.

आपण फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा दाखला दिला आहे. १९४७-४८ मध्ये त्यांनी भारतात जे काम केले, त्यात गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची चित्रेही आहेत, आणि ते काम कोणालाही नतमस्तक करील असेच आहे. पण त्यांनी १९३० च्या दशकात लायका हाती घेतला तेव्हा ३५ मिमी फिल्मच्या एसएलआरचे युग उजाडायचे होते. निकॉन एफ हा गाजलेला एसएलआर बाजारात आला तो १९५९ मध्ये. शिवाय ते बहुतांशी ५० मिमीच्या लेन्सवरच काम करत. तसल्या चित्रांसाठी रेंजफाइंडर पुरून उरतो, इतके या दाखल्यावरून सिद्ध होते. भिगवणच्या रोहित पक्ष्यांपुढे मात्र तोच कॅमेरा हतबल ठरतो, कारण त्याच्या चौकटी १३५ मिमीपाशी संपतात, आणि दूरच्या पक्ष्यांना त्याहून लांब पल्ल्याची लेन्स लागते.

जुन्या बॉडीविषयी मात्र मी आपल्याशी सहमत नाही, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगावे लागेल. निकॉनच्या एसएलआरमध्ये लेन्स बसवण्याची कडी आणि सेन्सर यांत आरशासाठी ४६.५ मिमी अंतर असते, तर लायकाच्या एम माउंटमध्ये ते २७.८ मिमीच असते. त्यामुळे रुंद लेन्समधून येणारा प्रकाश सेन्सरच्या कोपऱ्यांवर फार तिरका पडतो. फिल्मला त्याचे काही वाटत नसे, सेन्सरला वाटते. डिजिटल रेंजफाइंडर उशिरा आले याचे हे एक मोठे कारण आहे. २००४ मधील एप्सन आर-डी १ हा पहिला. त्याचा सेन्सर लहान आणि ६ मेगापिक्सेलचा होता, आणि शटर चढवण्यासाठी फिल्मच्या कॅमेऱ्यासारखा खटकाही त्यात ठेवला होता. २००६ च्या एम ८ मध्ये तिरक्या प्रकाशावर उपाय म्हणून सेन्सरवरची अवरक्त किरण अडवणारी काच पातळ ठेवली गेली, आणि परिणामी काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले. त्यासाठी प्रत्येक लेन्सवर वेगळा फिल्टर लावावा लागतो. २००९ चा एम ९ पूर्ण आकाराच्या (फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरचा असला तरी त्याच्या सेन्सरवरील काच झिजण्याचा दोष पुढे उघड झाला. कंपनीने असे सेन्सर बदलून दिले, पण त्यांचा साठा नंतर संपला. तेव्हा सेन्सर बदलल्याचा लेखी पुरावा नसेल तर जुना एम ९ स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, असेच मी म्हणेन.

याखेरीज जुळणीचा प्रश्न आहेच. रेंजफाइंडर ही यांत्रिक रचना आहे. बॉडीला एखादा धक्का बसला की दोन प्रतिमा व्ह्यूफाइंडरमध्ये जुळलेल्या दिसतात आणि फोकस मात्र भलतीकडेच असतो. ५० मिमीची लेन्स एफ २ वर आणि माणूस १ मीटरवर असेल, तर स्पष्टतेची खोली जेमतेम ५ सेंटिमीटर असते. एवढ्यात डोळ्याऐवजी कान स्पष्ट यायला वेळ लागत नाही. फिल्मवर छोट्या छापील प्रतीत हे खपून जात असे, पडद्यावर पूर्ण आकारात पाहताना ते लपत नाही.

आपण नातीच्या भरतनाट्यमची आणि पेठांतल्या रस्त्यांची चित्रे काढता, असे लिहिले आहे. रंगमंचासाठी आपली ७०-२०० मिमीची झूम लेन्स आणि एसएलआर दोन्ही जवळच ठेवा. कॅनन आणि निकॉन दोघेही आरशाविना कॅमेऱ्यांकडे वळल्यापासून जुन्या एसएलआरला विकताना हाती फारसे काही पडतही नाही, आणि नाचाच्या मंद, बदलत्या उजेडात सभागृहाच्या मागच्या रांगेतून ते काम दुसरे कोणी करणार नाही. पेठांतल्या रस्त्यांसाठी रेंजफाइंडर आपल्याला मानवेल, असे आपल्या वर्णनावरून मला वाटते. तो विकत घेण्यापूर्वी कोणाकडून तरी आठवडाभर मागून आणा, पहिल्याच दिवशी एका उभ्या खांबावर फोकस करून जुळणी तपासा, आणि आपण चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट २८ मिमीच्या चौकटीच्या चारही कडा दिसतात का ते पाहा. मला तरी त्या दिसल्या नाहीत.